मनोऱ्यावरचे ससाणे आणि धुतलेली ज्वारी

ये पोरी, अशी जवळ सरक. तिकडं पुण्यात बसून फोनवर विचारतीस, "मोठी आई, आईला झालंय काय? ती माझ्याशी बोलत का न्हाई?" असं फोनवर सांगण्यासारखं असतं का गं ते? तुझा फोन म्हणजे तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यागत, चर्र झालं की संपलं. एका खांद्यावर फोन, हातात पोराचा डबा. मी तोंड उघडते तवर तू म्हणतीस, "ठेवते, उशीर झाला." म्हणून लिहायला बसले. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेली बाई मी, माझ्या शुद्धलेखनाला हसायचं तर खुशाल हस. पण मधेच ठेवून देऊ नको, शेवटपर्यंत वाच.

तुझा भाऊ गेला तेव्हा तू महिनाभर इथं होतीस. मंग गेलीस. जायलाच पाहिजे होतं, तुझा संसार आहे, मी काही म्हणत न्हाई. पण त्याच्या नंतरची तुझी आई तू बघितली न्हाईस, ती मी बघितली. एका घरात दोघी जावा, दोघी विधवा, आणि मधून तो पोरगा उठून गेलेला. जन्माला तिनं घातला, पण मांडीवर माझ्याही वाढला. मला लेकरू न्हाई, हे घरात कुणी मला कधी जाणवू दिलं न्हाई, तुझ्या आईनं तर न्हाईच. ती मला आक्का म्हणायची, मी तिला धाकटे म्हणायचे.

त्याच्या दहाव्याला कावळा शिवला न्हाई, आठवतं का? तू त्या वेळी घरी होतीस. ऊन डोक्यावर आलं, सगळे हात जोडून म्हणू लागले, बाबा तुझ्या आईला सांभाळू, बहिणीला अंतर देणार न्हाई, जे राह्यलं असंल ते करू. कावळे समोरच्या लिंबावर बसलेले, पण एकही खाली उतरला न्हाई. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. लोकांनी अंघोळी केल्या, घरी गेले. तुझी आई मात्र तिथंच अडकली. "आक्का, त्याचं काहीतरी राह्यलं," एवढंच म्हणायची. मोटरसायकलवर बियाण्याचा प्लॉट बघायला गेलेला पोरगा, संध्याकाळी येतो म्हणून गेलेला, तो परत आलाच न्हाई. त्याचं तर सगळंच राह्यलं होतं. काय सांगणार तिला?

मंग तिनं गच्चीवर ज्वारी टाकायला सुरुवात केली. रोज सकाळी, अंघोळ झाली की सूपभर ज्वारी, त्याच्या नावानं. टेंभुर्णीच्या शेतातली आपल्या वाट्याची ज्वारी येती ना, तीच. आधी चार कबुतरं आली, मंग थवेच्या थवे. जुन्या जालन्यातल्या धान्याच्या दुकानांवरची कबुतरं आपल्या गच्चीवर जेवायला येऊ लागली. गच्चीभर घाण. मी झाडून झाडून थकले, पण बोलले न्हाई. तेवढ्यापुरती ती उभी राह्यची. सूप हातात घेऊन "आ आ" करायची तेव्हा तिचं तोंड जरा माणसावाणी दिसायचं. बाकी दिवसभर भिंतीकडं तोंड.

आता आपल्या घरासमोरच्या चर्चकडं ये. तू शाळेत होतीस तेव्हा त्या घंटेवर तुझ्या वेण्या घातल्या जायच्या, म्हणून मनोरा कसा आहे ते तुला सांगत न्हाई. घंटेच्या वर जी दगडी कमान आहे, तिच्यात एक रुंद कंगोरा आहे, आपल्या गच्चीच्या बरोबर समोर. मागच्या संक्रांतीनंतर तिथं एक जोडी येऊन बसू लागली. तुझी आई म्हणली, "आक्का, घार आली बघा."

मी म्हणलं, "घार न्हाई. घारीची शेपटी फाटलेली असती. हिची बघ, सरळ आहे."

पाठ गडद राखाडी, पोट तांबूस, आणि डोळ्याखाली काळा ओघळ, काजळ घालून रडल्यागत. त्यातला एक बसल्या जागी मान फिरवायचा आणि सगळं जालना हिशेबात घेतल्यागत बघायचा. मंग एकदम उडून वर वर जायचा, ठिपका व्हायचा, आणि तिथून असा खाली यायचा की दगड सोडल्यागत. हवेतच थाड. कबुतराची पिसं आपल्या गच्चीवर तरंगत यायची.

तुझ्या आईनं पहिल्यांदा ते बघितलं आणि सूप खाली टाकून चर्चच्या फाटकावर गेली भांडायला. पाळकसाहेब बिचारे प्रार्थनेचं बघत होते. त्यांना म्हणती, "तुमच्या देवाच्या घरावर बसून माझ्या दारातलं पाखरू मारतंय ते." ते म्हणले, "आजी, मी काय करू? त्यांनी मला विचारून घर केलं न्हाई." आणि तिला पाणी देऊन बसवलं.

पुढं एक सर आले. कॉलेजात शिकवतात, गळ्यात दुर्बीण. आपल्या गच्चीवरून घरटं चांगलं दिसतं म्हणून येऊ का विचारायला आले. त्यांनीच सांगितलं, हा बहिरी ससाणा, डोंगराच्या कड्यात राहणारा, शहरात आला की उंच इमारत हाच त्याचा कडा. आपल्या भागात त्यानं घर करणं फार क्वचित. तुझी आई ऐकून घेऊन म्हणली, "सर, चहा घ्या. पण तुमच्या त्या पाखराला सांगा, दुसरं दुकान बघ म्हणावं. इथलं गिऱ्हाईक माझं आहे." सर इतके हसले की कप हिंदकळला. मी मात्र तिच्याकडं बघत राह्यले. ती थट्टा करून राह्यली होती. कितीतरी दिवसांनी.

त्यांनी दुर्बिणीतून तिला अंडी दाखवली. नुसत्या दगडावर, लालसर ठिपक्यांची. काडी न्हाई, कापूस न्हाई, काही न्हाई.

"अगं बाई," ती म्हणली, "बाळंतीण आहेस का कोण आहेस? अंथरूण तरी घाल काहीतरी."

त्या दिवसापासून तिची चिडचिड उतरली. मादी अंड्यावर बसायची, मोठी ती असती, नर लहान. नर शिकार घेऊन यायचा, पण घरट्यात न्यायचा न्हाई, हवेतच घुटमळत ओरडायचा. मंग मादी उठायची, त्याच्या खालून उलटी होऊन त्याच्या पंजातलं आपल्या पंजात घ्यायची, उडता उडता. ते बघून तुझी आई मला म्हणली, "बघा आक्का. आमच्या भाऊजींनी तुमच्या हातात कधी भाजीची पिशवी तरी दिली का?"

मी म्हणलं, "दिली की. रिकामी. बाजारात जा म्हणून."

ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवून हसली. तिच्या लेकाच्या मागं पहिल्यांदा. मी खाली गेले आणि उगंच डबे पुसत बसले. वर आले तर ती अजून तिथंच, दोन्ही हात कठड्यावर, चर्चकडं बघत.

होळीला अजून पंधरा-वीस दिवस होते तेव्हा पिल्लं निघाली. तीन. पांढरीशुभ्र, कापूस पिंजल्यागत, त्यांत नुसत्या चोची. मंग काय, सकाळचा चहा गच्चीवर, सर येवोत न येवोत. सरांनी त्यांची जुनी दुर्बीण तिला देऊन ठेवली होती. एक डोळा मिटून बघायची आणि मला सगळं सांगायची, मला दिसत असून. "ते डावीकडचं हावरं आहे आक्का, आपल्या पोरावाणी. आधी आपलं पोट, मंग बहिणीचं." तुझी आठवण निघाली की ही अशी निघायची, रागावू नको.

आणि एक दिवस ती म्हणली, तेही तुला सांगते, कारण पुढचं समजायला ते पाहिजे. म्हणली, "आक्का, मी ज्वारी देते. ज्वारीवर कबुतर जगतं, कबुतरावर ती पिल्लं. म्हणजे माझ्या लेकाच्या नावाचा घास बघा कुठवर गेला. पार देवळाच्या शेंड्यावर." चर्चला ती देऊळच म्हणायची. मला वाटलं, सुटली बाई. कावळा शिवला.

मंग मी टेंभुर्णीला गेले. ज्वारी काढली होती, वाटा आणायचा होता, कुणीतरी उभं राह्यल्याशिवाय बराबर मिळत न्हाई. मी निघाले तेव्हा घरातली जुनी ज्वारी तळाला आल्ती. म्हणलं, "दोन-चार दिवस जपून टाक, नवी घेऊनच येते." तिकडं मला जरा जास्तच दिवस लागले. इकडं ज्वारी संपली. आणि नेमका त्याच दिवसांत तुझ्या भावाचा दिवस आला, तो गेलेला दिवस. त्या दिवशी पाखरं उपाशी कशी ठेवणार ती?

माळ्यावर त्याचं एक पोतं होतं. तो बियाण्याच्या ऑफिसात कामाला होता, गावोगाव दाखवायला द्यायचं बियाणं घरी आणून ठेवायचा, त्यातलं उरलेलं. ज्वारीच, पण गुलाबी, औषध लावलेली. तो जिता असताना म्हणायचा, "आई, ह्याला हात लावशील तर हात धू, पोटात जाता कामा नये." म्हणजे तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर तिनं ते धुतलं. तीन पाण्यांनी धुतलं, पोरी. हातानं चोळून चोळून, तांदूळ धुतात तसं, गुलाबी पाणी जाऊन पांढरं पाणी येईपर्यंत. मंग धोतरावर पसरून उन्हात वाळवलं. आपल्या घरात काय शिकवलं आपल्याला? धुतलं की शुद्ध झालं. बाजारातली फवारलेली मेथी आपण धुऊनच खातो ना? आणि धान्य फेकायचं न्हाई, धान्य फेकणं पाप. त्यात त्याच्या हातचं धान्य. ती मला नंतर म्हणली, "मला वाटलं, त्यानंच माझ्यासाठी राखून ठेवलं होतं."

मी परत आले तेव्हा मोरीच्या दगडावर गुलाबी डाग होता. रंगपंचमी नुकतीच झाल्ती. गल्लीतल्या पोरांचा रंग म्हणून मी त्यावर पाणी ओतलं आणि विसरले.

मी आणलेली नवी ज्वारी तशीच बांधलेली होती. ती म्हणली, "राहू द्या, आधी त्याचं संपवते." मला वाटलं जुनी थोडी शिल्लक असंल.

आधी गच्चीवर दोन कबुतरं मेलेली सापडली. ऊन वाढलं होतं, आम्ही म्हणलं उन्हानं. तिनं पाण्याची परात मोठी केली. मंग काही कबुतरं उडता येईना अशी, झिंगल्यागत, कठड्यावर पंख टाकून बसलेली. असलं कबुतर ससाण्याला किती सोपं, तूच सांग. न वर जायचं, न झेपावायचं. मादी आता पिल्लं सोडून स्वतः शिकारीला निघायची. आपल्या कठड्यावरूनच उचलून न्यायची. तुझी आई म्हणायची, "घे बाई, घे, पोरं वाढती आहेत."

त्यानंतरच्या रविवारी चर्चची प्रार्थना सुटली आणि खाली गलका झाला. मादी पायऱ्यांवर पडली होती. पंख पसरलेले, डोळे उघडे, ते काजळ तसंच. आम्ही दोघी गेलो. सर आले, पाळकसाहेबांनी बोलावलं होतं. सरांनी मनोऱ्याखाली पडलेलं अर्धं कबुतर उचललं, बाजूला बसून त्याच्या गळ्याची पिशवी चिरली. आतून ज्वारी निघाली. फुगलेली, आणि सालाच्या कडेला अजून गुलाबी.

सर उभे राह्यले. कुणाला उद्देशून न्हाई, असंच म्हणले, "हे बियाणं आहे. इथं जवळपास कुणी पाखरांना बियाणं टाकतं का?"

तुझी आई पुढं झाली. ते तोंड मी विसरणार न्हाई. तिला वाटलं ते चांगल्या कामाचंच विचारून राह्यले. म्हणली, "ज्वारी तर मीच टाकते ना सर. तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या लेकाच्या नावानं. पण ती धुतलेली असती. तीन पाण्यांनी."

सरांनी कबुतर खाली ठेवलं, हात रुमालानं पुसत राह्यले. तिनं माझ्याकडं बघितलं. "आक्का, धुतल्यावर कसं काय?"

शेवटी सर हळू म्हणले, "आजी, ते औषध नुसतं वर नसतं. आत मुरतं. कितीही धुतलं तरी उरतं."

ती "बरं" म्हणली. एवढंच. भाजीवाल्यानं भाव सांगावा आणि आपण बरं म्हणावं, तसं. आणि वळून घरी गेली.

वर पिल्लं होती अजून. नर होता. तो दिवसभर आणत होता, मनोऱ्यापुढं हवेत घुटमळून ओरडायचा, तिनं येऊन घ्यावं म्हणून. कुणी येईना. मंग घरट्यात टाकून जायचा. पण पिल्लांना तुकडे करून भरवायचं ते मादीनं, त्याला नीट जमेना, आणि जे आणत होता तेही कुठल्या कबुतराचं होतं कोण जाणे. सर आणि पाळकसाहेब शिडी लावून वर चढले, त्यांना खाली घेऊन वाचवता येतील का बघायला. दोन आधीच गेली होती, एकाला घेऊन उतरले, ते हावरं. सरांनी त्याला खोक्यात घालून गाडीनं कुणा जाणकाराकडं नेलं. वाटेतच गेलं. नर आणखी काही दिवस कंगोऱ्यावर येऊन बसायचा, ओरडायचा, मंग तोही यायचा थांबला.

मी हे सगळं तुझ्या आईला सांगितलं न्हाई, आणि तिनं विचारलं न्हाई. पण तिला ऐकू येत होतं ना ते ओरडणं. खिडकी लावली तरी येत होतं. एका दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणलं, "धाकटे, तू जाणून केलं का? तुझं मन तर साफ होतं." ती म्हणली, "आक्का, एवढं साफ मन करून मी काय दिलं त्याच्या नावानं? विष दिलं. आता तो कुठं असंल तिथं त्याच्या पानात काय पडत असंल?"

एवढी बडबडी बाई मी, सगळ्या गल्लीला सल्ले देणारी. मी नुसतं तिचं पांघरूण सारखं केलं आणि उठून आले. देवावर रागवावं तर कशासाठी, तिनं तर त्याचंच केलं. त्या पोरावर रागवावं? त्यानं बजावलं होतं. रागवायला कुणी असतं तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते.

सर परवा येऊन गेले. तिचं मन वळावं म्हणून म्हणले, "आजी, जागा चांगली आहे, पुढच्या वर्षी नवी जोडी येईल." ती भिंतीकडं तोंड करूनच म्हणली, "येईल. आणि खाईल काय?"

आता ती भाकरी खात न्हाई. ज्वारीची भाकर ताटात दिसली की ताट सरकवती. ज्वारीवर वाढलेलं आपलं घर, तिला ज्वारीचा वास नको. दोन घास भात, कधी तोही न्हाई. टेंभुर्णीची नवी पोती बांधलेलीच आहेत. गच्चीवर कबुतरं अजून येतात, सकाळी कठड्यावर ओळीनं बसतात आणि दाराकडं बघतात. मला त्यांच्यापुढं चांगली ज्वारी टाकायचीही हिंमत होत न्हाई. मी दार लावून घेते.

आणि खरं सांगायचं ते आता. ते गुलाबी पोतं अजून घरातच आहे. अर्धं शिल्लक आहे. सर म्हणले खोल खड्डा करून पुरा, विहीर-नाल्यापासून लांब. मी उचलायला गेले तर तिनं पोत्याला मिठी मारली. "हे त्याच्या हातचं शेवटचं आहे," म्हणली, "हे मी देणार न्हाई." आता ते तिच्या खाटेखाली असतं. दुपारी तिचा हात खाली लोंबत पोत्यावर असतो. ज्या बाईला घास नको झालाय, तिच्या खाटेखाली ते पोतं. मी बाजारात जाते तेव्हा शेजारणीला दारात बसवून जाते. रोज हे कसं चालायचं? मी सत्तरीची बाई. मला झोप लागत न्हाई, आणि लागली की दचकून उठते आणि आधी खाटेखाली हात घालून बघते.

मी मागितलं तर ती देत न्हाई. मी जाऊ आहे, कितीही केलं तरी मी जाऊच. तू लेक आहेस. तू पुढ्यात बसून हात पुढं केलास, "आई, दादाचं ते मला दे" म्हणलीस, तर ती कदाचित तुला देईल. मंग आपण दोघी मिळून कुठं पुरायचं ते बघू. आणि तुझ्या हातानं एक घास तरी भरव तिला, माझ्या हातचा ती घेत न्हाई.

सुट्टी मिळायची वाट बघू नको. पोराला घेऊन ये, न्हाई तर नवऱ्याकडं ठेवून ये, पण ये. स्टेशनवर उतरलीस की रिक्षा करून सरळ घरी ये, मी दारातच असते. ह्या आठवड्यात ये, पोरी. जल्दी ये.